तुम्ही कुठल्या बाजूचे?

पिट्सबर्गच्या दक्षिणेकडून मोनोंगहीला नदी वळणं घेत येते आणि तिच्या प्रत्येक वळणावर पोलादाचं एकेक गाव आहे. क्लेअरटन, ड्यूकेन, ब्रॅडक, होमस्टेड. ब्रॅडकचा कारखाना अँड्र्यू कार्नेगीने १८७५मध्ये सुरू केला. त्याच्या भट्ट्या अजून पेटतात. होमस्टेडचा १९८६मध्ये बंद पडला. त्या जागी आता दुकानं आणि सिनेमागृह आहे, जुन्या धुराड्यांची एक रांग तेवढी आठवण म्हणून उभी ठेवलेली. या गावांमधून मी घरोघर जाते. मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघा नाहीतर खुबा बदलून माणूस इस्पितळातून घरी आला, की त्याला पुन्हा उभं करायचं, चालवायचं, जिना चढायला लावायचं, हे माझं काम. इथली घरं टेकड्यांच्या उतारावर आहेत, त्यामुळे जिन्यांना तोटा नाही.

व्यायाम बहुधा स्वयंपाकघरात होतात, कारण तिथे धरायला ओट्याची कड असते. आणि दुखरा गुडघा वाकवताना माणूस बोलू लागतो. राजकारणाचं मी कधी विचारत नाही. आजाऱ्याच्या घरी तो विषय काढायचा नाही, हा आमच्या व्यवसायाचा दंडक आहे. पण पेनसिल्व्हेनियात निवडणूक आली की तो विषय दाराबाहेर थांबत नाही. २०१६मध्ये या राज्याचा निकाल सुमारे ४४ हजार मतांनी लागला, २०२०मध्ये सुमारे ८० हजारांनी उलट बाजूला, २०२४मध्ये सुमारे १ लाख २० हजारांनी पुन्हा पहिल्या बाजूला. साठ-सत्तर लाख मतांतली ही फट. मग सगळ्या देशाच्या जाहिराती इथल्या टीव्हीवर येऊन आदळतात, दारावर कार्यकर्ते येतात, टपालपेटी पत्रकांनी भरते, आणि पाय दहा वेळा उचलून दमलेली माणसं मला आपणहून सांगू लागतात, की आपण कुठल्या बाजूचे आहोत आणि का. ते ‘का’ ऐकायला मिळतं म्हणून मला माझं काम आवडतं.

एका म्हाताऱ्या पोलाद-कामगाराचं सांगते. त्यांच्या आजोबांनी स्लोव्हाकियातलं गाव सोडलं आणि इथे भट्टीवर काम धरलं. वडील १९३७ साली युनियनचे सभासद झाले, म्हणजे यू.एस. स्टील कंपनीने युनियनला पहिल्यांदा मान्यता दिली त्याच वर्षी. आईच्या स्वयंपाकघरात पोप आणि केनेडी यांच्या तसबिरी शेजारी शेजारी होत्या. यांनी स्वतः पहिलं मत १९६४ साली डेमोक्रॅट पक्षाच्या जॉन्सनना दिलं. “मी जन्माचा डेमोक्रॅट,” ते मला म्हणाले, आणि त्याच श्वासात म्हणाले, की गेल्या तिन्ही वेळा मत ट्रम्पना दिलं. मतदार यादीत त्यांच्या नावापुढे आजही डेमोक्रॅटच लिहिलेलं आहे. बदललं का नाही, असं मी विचारलं नव्हतं. तेच म्हणाले, वडिलांनी मला हात धरून नेऊन नाव नोंदवलं होतं, ते खोडायला हात धजत नाही. आपल्याकडे जमीन केव्हाच वाटली गेली, कसणारे बदलले, तरी सातबाऱ्यावर आजोबांचं नाव तसंच राहतं. काहीसं तसंच ते.

कारखाने बंद पडले तेव्हा कोणीच आलं नाही, असं ते सांगतात. कोणीच म्हणजे दोन्हीकडचं कोणीच. १९९४मध्ये मेक्सिको आणि कॅनडाबरोबरचा खुल्या व्यापाराचा करार अमलात आला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष डेमोक्रॅट होते, हे ते साल अचूक सांगून बोलतात. आपण जागचे हललो नाही, पक्षच आपल्याला सोडून गेला, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं आणि पुढे या खोऱ्यात इतक्या घरांत ऐकलं, की आता ते सुरू झालं की मी शेवट ओळखते. पुढे रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष झालेले रेगनही १९६२पर्यंत डेमोक्रॅट होते आणि तेही आपली गोष्ट अशीच सांगत. या गृहस्थांनी ज्या नेत्याला मत दिलं त्याच्या सभांमध्ये परदेशातून आलेल्या माणसांबद्दल जे बोललं जातं, ते मला लागतं. तीस वर्षं इथे राहून, इथली नागरिक होऊनही लागतं. पण त्या माणसाने स्वतःच्या राजकारणाचं जे वर्णन केलं, त्यात द्वेषाचा शब्द नव्हता. त्यात एक बाप होता, एक बंद पडलेलं फाटक होतं आणि एक साल होतं.

सरकार लहान असावं, असं ते ठामपणे म्हणतात. त्यांचा गुडघा मेडिकेअरने बसवला, म्हणजे १९६५मध्ये जॉन्सननी सही केलेल्या सरकारी योजनेने. बाहेरून पाहणारा लगेच म्हणेल, हा विरोधाभास. त्यांच्या मनात तो नाही. चाळीस वर्षं पगारातून कर कापला गेला, तो आपला पैसा, आपल्याच गुडघ्याला आला, असा त्यांचा सरळ हिशेब आहे. हॅडली कँट्रिल आणि लॉइड फ्री या अभ्यासकांनी १९६७मध्येच लिहून ठेवलं होतं, की अमेरिकन माणूस तत्त्व विचारलं तर उजवीकडचं उत्तर देतो आणि एकेक योजना विचारली तर डावीकडचं. त्यांचं निरीक्षण आजही खरं ठरतं. फक्त ते कागदावर वाचताना माणूस गोंधळलेला दिसतो. ओट्याशी उभा असताना तसा दिसत नाही.

याच्या बरोबर उलट टोकाची एक बाई. काळ्या समाजातली, शाळेत स्वयंपाकाचं काम करून निवृत्त झालेली. घरात दारूचा थेंब नाही, रविवारी चर्च चुकवायचं नाही, नातवंडांनी मोठ्यांना उलट बोलायचं नाही, लग्न ही देवापुढे घेतलेली शपथ. त्या स्वतःला कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणतात आणि अभिमानाने म्हणतात. मत मात्र आयुष्यभर डेमोक्रॅट पक्षाला, एकदाही न चुकता. त्यांचे आईवडील अलाबामातून आले. तिकडे मतदानासाठी कर भरावा लागे, वाचनाची परीक्षा द्यावी लागे, आणि परीक्षा घेणारा ठरवेल तो निकाल. १९६५च्या मतदान हक्क कायद्यानंतर त्यांच्या आजीने म्हातारपणी अलाबामात पहिलं मत दिलं. त्या गोष्टीला आता साठेक वर्षं झाली, पण त्या ती सांगताना वॉकर सोडून ताठ उभ्या राहिल्या. मी नुसती हाताशी थांबले.

सर्वेक्षणवाल्याने त्यांना फोन केला तर त्यांची नोंद उजव्या रकान्यात होईल. अशा कितीतरी जणांची होते. इस्माइल व्हाइट आणि क्रिल लेअर्ड यांनी २०२०मध्ये यावर एक पुस्तकच लिहिलं. काळ्या समाजात मत ही एकट्याची आवड नसून समाजाशी पाळलेला शब्द आहे, असं त्यांचं म्हणणं. मला त्या बाईंच्या स्वयंपाकघरात तेच दिसलं. कॉन्झर्व्हेटिव्ह हे त्यांच्या घराचं वर्णन आहे. डेमोक्रॅट हे त्यांच्या माणसांचं.

अमेरिकेत कोण कुठल्या बाजूचा याची मोजदाद फार जुनी आणि फार मेहनतीची आहे. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी १९५२च्या निवडणुकीपासून लोकांना विचारायला सुरुवात केली, की साधारणपणे तुम्ही स्वतःला कोण समजता. रिपब्लिकन म्हणालात तर पुढचा प्रश्न, कट्टर की तसे बेताचे? स्वतंत्र म्हणालात तर, त्यातल्या त्यात जवळ कोण? अशी सात पायऱ्यांची पट्टी तयार झाली. १९६०मध्ये त्यांचं जे पुस्तक आलं त्यात असं दिसलं, की बहुतेकांना पक्ष घरातून मिळतो, धर्मासारखा, आणि मतं त्यामागून येतात. पुढे १९७२पासून डावं-उजवं मोजण्यासाठीही सात पायऱ्या आल्या. त्या प्रश्नात मला आवडणारी एक जागा आहे. याचा आपण फारसा विचार केलेला नाही, असं उत्तर द्यायची तिथे सोय ठेवलेली आहे, आणि दर वेळी पुष्कळ माणसं ते उत्तर देतात. विचार केलेला नाही असं अनोळखी माणसापाशी मान्य करायला धैर्य लागतं.

गॅलप या जनमत-पाहणी संस्थेचे आकडे मी दर जानेवारीत पाहते. १९९२मध्ये स्वतःला मध्यममार्गी म्हणवणारे शंभरात ४३ होते, कॉन्झर्व्हेटिव्ह ३६, लिबरल १७. २०२४मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह ३७, मध्यममार्गी ३४, लिबरल २५. एक आकडा जवळजवळ जागचा हलला नाही, दुसरा वाढला, आणि मधला आटला. पण मध्यममार्गी माणूस मधे उभा असतो हा समज मात्र मी केव्हाच सोडला. बंदुकीबद्दल एका टोकाचं मत आणि औषधांच्या किमतींबद्दल दुसऱ्या टोकाचं, दोन्ही तितक्याच जोरात मांडणारी माणसं स्वतःला मध्यममार्गी म्हणवतात. त्यांची सरासरी मधे येते, ती माणसं नाहीत.

त्याच २०२४मध्ये दोन्ही पक्षांना आपलं म्हणणारे शंभरात २८-२८ होते आणि आपण स्वतंत्र आहोत असं सांगणारे ४३. केवढा मोठा जमाव! पण पुढचा प्रश्न विचारला की त्यातले बहुतेक एका बाजूला कलतात आणि मत जवळजवळ पक्षवाल्यांइतक्याच निष्ठेने देतात. राज्यशास्त्राचे लोक यावरून म्हणतात, की खरा स्वतंत्र मतदार फार थोडा. आकड्यांपुरतं ते बरोबर आहे. तरी मला वाटतं, माणूस जेव्हा स्वतंत्र म्हणवतो तेव्हा तो मतदानाच्या मंगळवारी काय करणार हे सांगत नसतो. कोणत्या घोषणेबरोबर माझं नाव जोडू नका, थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला माझ्या टेबलावर दोन्हीकडची माणसं बसणार आहेत, असं तो सांगत असतो. त्या बिचाऱ्या शब्दाआड किती कुटुंबं टिकून आहेत!

“मला राजकारणात रस नाही,” असं सांगणारी एक बाई वॉशिंग्टन काउंटीत आहे, डोंगराळ शेतीच्या भागात. २०००नंतरच्या वर्षांत तिथे खडकातला नैसर्गिक वायू काढणाऱ्या कंपन्या आल्या आणि शेतकऱ्यांशी भाडेकरार करू लागल्या. कोणाचं कर्ज फिटलं, कोणाच्या विहिरीच्या पाण्याबद्दल तक्रारी सुरू झाल्या, शेजाऱ्याशेजाऱ्यांत बोलणं बंद झालं. या बाई गावच्या प्रत्येक सभेला जातात. पाण्याच्या तपासणीचे कागद त्यांनी पुठ्ठ्याच्या खोक्यात तारीखवार लावून ठेवले आहेत. करारातलं कलम त्यांना वकिलासारखं तोंडपाठ आहे. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो हा, की सभेतल्या लोखंडी खुर्चीवर दोन तास बसता कधी येईल. आणि तरी रस नाही. त्यांच्या लेखी राजकारण म्हणजे टीव्हीवरचं भांडण. हे जे त्या करतात ते आपल्या पाण्याची काळजी घेणं. मी त्यांना दुरुस्त करत नाही. पण या देशाच्या लोकशाहीचा खरा भार अशाच माणसांच्या खांद्यावर आहे असं मी मनापासून मानते, आणि कोणत्याही सात पायऱ्यांच्या पट्टीवर त्यांना जागा नाही.

लाल आणि निळा हे रंग जुने नाहीत. २०००च्या निवडणुकीपूर्वी वाहिन्या आपापल्या मर्जीने रंग वापरत, कधी उलटेही. त्या वर्षी फ्लोरिडाचा निकाल ५३७ मतांवर अडकला, आठवड्यामागून आठवडे तोच नकाशा पडद्यावर राहिला आणि रंग कायमचे चिकटले. आता मुलं विचारतात, आपण लाल की निळे? माणसाच्या आयुष्याला एका रंगाचं नाव देणं मला क्रूर वाटतं, आणि त्याचे परिणाम दिसतात. १९६०मध्ये लोकांना विचारलं होतं, तुमच्या मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या घरात लग्न केलं तर वाईट वाटेल का. शंभरात चार-पाच जणांनी हो म्हटलं. २०१०मध्ये पुन्हा विचारलं तेव्हा रिपब्लिकनांतले जवळपास निम्मे आणि डेमोक्रॅटांतले तिसरा हिस्सा हो म्हणाले. अलीकडे स्वयंपाकघरांत मला हाच बदल सर्वांत जास्त जाणवतो. पूर्वी माणसं आपण कोण हे सांगत. आता आपण कोण नाही हे आधी सांगतात. स्वतःच्या बाजूबद्दल बोलायला दोन वाक्यं आणि दुसरीबद्दल वीस मिनिटं.

तरीही अंगणातली पाटी मला प्रिय आहे. मिसुरीतल्या लाड्यू गावात मार्गारेट गिलिओ या बाईंनी १९९०मध्ये आखाती युद्धाविरुद्ध अंगणात फलक लावला. गावच्या नियमात असे फलक बसत नव्हते. त्या कोर्टात गेल्या, मग दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत साध्या कागदाएवढी शांततेची पाटी लावली, गावाने नियम बदलून तीही अडवली. १९९४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला, की माणसाला आपल्या घरावरून आपलं म्हणणं सांगायचा हक्क आहे. घर आणि म्हणणं यांचं नातं त्या निकालात नीट ओळखलेलं आहे. पाटी लावणारा स्वतःचा पत्ता देऊन बोलतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना शेजारी भेटणार हे त्याला माहीत असतं.

मत गुप्त असतं हेही इथे मुळापासून नव्हतं. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत फिरल्या आणि परत येऊन १८८९मध्ये त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक मराठीत लिहिलं. त्या इथे होत्या तेव्हा पक्षच मतपत्रिका छापत, त्याही बहुधा आपापल्या रंगाच्या, आणि मतदार ती सगळ्यांदेखत पेटीत टाकी. कोण कुठला हे मालकाला दिसे, शेजाऱ्याला दिसे. मॅसॅच्युसेट्सने १८८८मध्ये सरकारी गुप्त मतपत्रिकेचा कायदा केला आणि मग तो पसरला. बायकांना देशभर मत मिळायला १९२० उजाडावं लागलं. आज पेनसिल्व्हेनियात मत गुप्त आहे, पण पक्षाची नोंद उघडी. मतदारांची यादी राजकीय कामासाठी २० डॉलर देऊन मागता येते. दारावर येणारा कार्यकर्ता तुमचा रकाना वाचूनच आलेला असतो. रकान्यामागचे वडील त्याच्या यादीत नसतात.

आपली माणसंही इथे या प्रश्नाला उत्तरं देतात. पिट्सबर्गजवळ पेन हिल्सला वेंकटेश्वराचं मंदिर आहे, १९७०च्या दशकात इथल्या इंजिनिअर-डॉक्टरांनी उभं केलेलं. तिथे ओळख झालेले एक मराठी काका ठाम डेमोक्रॅट आहेत. कारण विचारलं तर करांबद्दल किंवा युद्धांबद्दल बोलत नाहीत. “जॉन्सनने पासष्ट साली सही केली म्हणून मी इथे आहे,” एवढंच म्हणतात. मूळ देशावरून ठरणारा जुना कोटा काढून टाकणारा तो स्थलांतराचा कायदा. त्यांचा मुलगा स्वतःचा व्यवसाय चालवतो आणि रिपब्लिकनांकडे झुकला आहे. कार्नेगी संस्थेच्या पाहणीत २०२०मध्ये भारतीय वंशाचे ५६ टक्के लोक स्वतःला डेमोक्रॅट म्हणत होते, २०२४मध्ये ४७. त्या दोन आकड्यांच्या मधे असे बापलेक आहेत. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२मध्ये डेट्रॉइटमधून डेमोक्रॅट म्हणून काँग्रेसवर निवडून आले, तेव्हा काकांनी आनंदाने पेढे वाटले आणि मुलाने ते खाल्ले. मंडळाच्या गणपतीत मात्र हे दोघं राजकारण काढत नाहीत. ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं उभी असलेली तरुण जोडपी तर मुळीच बोलत नाहीत. मत नसलेल्याला बाजू कोणी विचारत नाही, आणि इथल्या राजकारणाचा घाव सगळ्यात आधी त्यांच्यावरच पडतो.

नागरिकत्वाची शपथ घेतल्यावर मीही नोंदणीचा अर्ज भरला. त्यात पक्षाची चौकट असते. पेनसिल्व्हेनियात पक्ष न सांगणाऱ्याला पक्षांतर्गत निवडणुकीत मत देता येत नाही. अशी दहा लाखांहून जास्त माणसं या राज्यात बाहेर उभी आहेत. मी चौकट भरली, कारण मला आत यायचं होतं. माझे आजारी लोक कधीमधी विचारतात, तू कुठली? कामाच्या वेळात मी ते सांगत नाही. काम संपवून, कोट घालून, दारात उभी राहून एकदोघांना सांगितलं आहे, आणि माझ्या वडिलांची गोष्ट सांगूनच सांगितलं आहे.

हे वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या घरचं कोणी ना कोणी अमेरिकेत असेल. निवडणूक आली की आपण फोनवर विचारतो, काय रे, कोण येणार? ते त्यालाही टीव्हीवरूनच कळणार असतं. त्याऐवजी त्याला विचारा, की तुझ्या शेजारचा म्हातारा स्वतःला काय म्हणवतो, आणि त्याचे वडील काय काम करत होते. त्याला माहीत नसेल, तर सांगा, शनिवारी जाऊन विचारून ये.